ज्वारीवर ताणलेली कॅसेट

तुमच्या घरातली लग्नाची कॅसेट शेवटची कोणी पाहिली, हे तुम्हाला सांगता येईल का? आठवून बघा. नाही ना येत?

मी पत्रकांत वाढले. बाबा चळवळीतले. सेलूच्या आमच्या घरात पाहुण्याला बसायचं असलं की आधी खाटेवरचे पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. हुंडा, पाणी, एसटीची भाडेवाढ. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. बाबांचा एक नियम होता: पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगायचं, नुसतं चिडून मोकळं व्हायचं नाही. चिडणं मला लवकर जमलं.

आता मी जुन्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर कलाकृती करते. लोकांनी टाकलेल्या लग्नाच्या, बारशाच्या कॅसेटी आणते आणि त्यातला एकच तुकडा एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा उतरवते. प्रत्येक फेरीत चित्र थोडं विरतं. चेहरे पुसट होतात, रंग कडेबाहेर सांडतात, शेवटी नुसती हालचाल उरते. मोबाइलमधलं चित्र असं म्हातारं होत नाही. कॅसेटमधली पट्टी होते, आणि जिथं जास्त वापरली तिथं आधी होते.

हे समजावून माझं तोंड दुखलं. परभणीच्या एका प्रदर्शनात मी जुना डबा टीव्ही मांडला, तर तिथल्या शिपायाने त्याला कडेने दोन चापट्या मारल्या. पडद्यावरच्या रेघा जाईनात, तेव्हा बंदच करून टाकला. दुपारभर लोक काळ्या काचेत स्वतःला बघून पुढे गेले. एकाने मला छान झालंय म्हणूनही सांगितलं.

माझी आत्या चारठाण्याच्या अलीकडच्या एका खेड्यात असते. दिवाळीत बोलता बोलता ती म्हणाली होती, "माझ्या लग्नाची कॅसेट हाय पेटीत. संक्रांतीला ये, घेऊन जा." तिच्या लग्नात हौसेने शूटिंग केलेलं. त्यात हळदीच्या रात्री मांडवात ती मैत्रिणींबरोबर नाचली होती. सासरी सगळ्यांसमोर कॅसेट लागली, तिचं नाचणं आलं आणि सासरे उठून बाहेर गेले. त्यानंतर आत्या कुठेच नाचली नाही. पण घरातला व्हीसीआर चालू होता तोवर, सगळे शेतात गेले की ती एकटीच तेवढा भाग लावायची, मागे घ्यायची, पुन्हा लावायची.

संक्रांतीला देवगाव फाट्यावर गाडी बदलून मी पोचले. पेटी उघडली. कॅसेट नव्हती.

"ती व्हय?" आतेभाऊ म्हणाला. "रानात हाय."

ज्वारी हुरड्यात आली होती. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काठ्या रोवून त्याने पट्टी ताणली होती. वाऱ्याने ती गुणगुणत होती, उन्हात चमकत होती. आमच्याकडे पाखरं हाकायला कॅसेटची पट्टी बांधतातच. मीही लहानपणापासून बघत आले. त्या दिवशी मात्र डोकं फिरलं. हळद लग्नाच्या आधी, म्हणून ती पट्टीच्या सुरुवातीला. त्याने सुरुवातीपासून ओढली आणि शेत संपल्यावर थांबला. आत्याचं नाचणं सगळं ज्वारीवर. पुढाऱ्यांचे आशीर्वाद आणि आहेर डबीत शाबूत!

"आईला विचारलंस का?" मी ओरडले.

"त्यात काय इचारायचं, ताई? मशीन बंद पडून जमाना झाला. कोण बघायलाय ते?"

आत्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी होती. "राहू दे गं माय," ती म्हणाली. "आता माझं नाचणं पाखरं बघायलेत."

हसून म्हणाली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी सरळ पट्टी सोडायला लागले. आतेभाऊ खवळला. "आन् पाखरं? तू येती का राखणीला?"

मी आत्याकडे पाहिलं. "आहेराचं लाव की तिथं," ती त्याला म्हणाली. "फेटे बांधून नुसते उभे राह्यलेत सगळे. पाखरं तरी भितील."

मग आम्ही तिघांनी पुढाऱ्यांना काठ्यांवर ताणलं आणि हळद सोडवून घेतली.

सेलूच्या स्टुडिओवाल्याने पट्टी बघूनच हात झटकले. "चुरगळलेली पट्टी घालून मशीन घालवू का? चांगली आणा. पेन ड्राइव्हमध्ये भरून देतो, रेघा काढतो, वरून एखादं गाणं टाकतो." गाणं! मी घरी येऊन पट्टी मऊ कापडाने पुसली, तुटली तिथं चिकटवली, रिकाम्या कॅसेटीत भरली आणि माझाच व्हीसीआर पणाला लावला. दर थोड्या वेळाने त्याचा पट्टी वाचणारा हेड साफ करावा लागला.

आत्याला मी सेलूला बोलावून घेतलं. टीव्हीवर पिवळा रंग आला, मग रेघा, एक हात, परत रेघा, एक पाऊल. आत्याने हात उचलला. आता ही पण चापट मारते, असं मला वाटलं. तिने काचेवर बोट ठेवलं.

"इथं गिरकी घेतली मी. आता खाली वाकते बघ."

मला तिथं फक्त भुरभुरणारे पांढरे ठिपके दिसत होते. ती पुढचं पुढचं सांगत राहिली.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आत्या, हे प्रदर्शनात लावू?"

"गावात न्हाई."

"परभणीत?"

तिने पडद्याकडे पाहिलं. "लाव. पण त्या रेघा काढू नको. तोंड दिसंल."

रेघांवरून मी इतक्या जणांशी भांडले, पण त्या ठेवा असं मला सांगणारी ती पहिलीच. परभणीत आता ती चित्रफीत लागेल, जशी आहे तशी, बिननावाची. माझी चिडचिड काही गेलेली नाही. आतेभाऊ अजून म्हणतो, एका कॅसेटीपायी केवढा तमाशा.

म्हणून बाबांच्या नियमाप्रमाणे शेवटी एक काम सांगते. तुमच्या पेटीत, माळ्यावर लग्नाची कॅसेट असेल, तर ती रानात बांधायच्या किंवा भंगारात घालायच्या आधी, जिचं लग्न त्यात आहे तिच्याजवळ बसा. तू कोणता भाग मागे घेऊन बघायचीस, एवढं तिला आजच विचारा.