सुरगाठीची जाळी

जाळीवालीच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणायचे. ते चूक. नाकावरचा राग येतो नि जातो. हिचा राग पोटात राहायचा आणि तिथे चांगला मुरायचा. लग्नात थोरला भाऊ म्हणाला होता, "हिला कोण नांदवणार?" नांदवणारा भला निघाला, नीट संसार करून वारलासुद्धा, भावाशी धरलेला अबोला मात्र अजून ठणठणीत होता.

तिचं काम जाळ्या विणण्याचं. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीत खिळ्यांची रांग, हातात चपटी लाकडी सुई आणि गळ्यात दोरीला अडकवलेली छोटी कात्री. मैदानावरच्या जाळ्या, ट्रकच्या मालावर टाकायच्या जाळ्या, खुराड्यांच्या जाळ्या. विद्या वडिलांची. ते सांगायचे, "धरून ठेवायचं त्याला निरगाठ, सोडायचं त्याला सुरगाठ. बाकीचं हात आपोआप शिकतात."

नवरा गेल्यावर घरात आला तो फौजदार. कुत्रा म्हणावा तर उशीएवढा, पण तोरा सगळ्या गल्लीच्या मालकाचा. कचऱ्याच्या गाडीला तो रोज हुसकावून लावायचा, निदान त्याची तशी समजूत होती. उंची, वेग, मोठे दात यांतलं काहीच तो जुमानत नसे. जाळीवाली दिवसभर बोलायची ती त्याच्याशीच, आणि भांडायचीही त्याच्याशीच.

खाली चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाला सकाळी आकडीच्या काठीने शटर उघडायचा आणि तीच काठी वर करून गॅलरीच्या गजांवर खडखड वाजवायचा. "उतर की खाली, पैलवान! दाखव हिंमत!" फौजदार वर थयथयाट करायचा. चष्मेवाला हसायचा, शेजारचा घड्याळवाला हसायचा, आणि दिवस सुरू व्हायचा.

एका सकाळी फौजदारने हिंमत दाखवली. गजांमधून अंग काढून त्याने सरळ खाली उडी घेतली आणि पुढचा पाय मोडून घेतला. जाळीवाली धावत खाली आली तेव्हा तो लंगडत चष्मेवाल्याच्या बुटावर गुरगुरत होता. चष्मेवाला दोन्ही हात वर करून म्हणाला, "मी काय त्याला ढकललं?"

त्या वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाय मोडला तो डॉक्टरने बांधला. वाक्य तिने पोटात ठेवलं.

पाय भरून येईपर्यंत तिने घराचा किल्ला केला. गॅलरीतलं स्टूल, ट्रंक, कुंडी, ज्यावर चढून तो कठड्याला पोचेल असं सगळं आत घेतलं. पट्ट्यातून तो मान सोडवून घ्यायचा, म्हणून छातीभोवती बसणारा पट्टा विणला. खोली आणि गॅलरीमधल्या दाराला नवी कडी बसवली. आणि गॅलरीला गजांच्या बाहेरून वरपासून खालपर्यंत जाळी लावली. जाड दोरा, बारीक डोळा, म्हणजे गाठींमधलं भोक, आणि काठाला वजनदार दोर.

धाकटी बहीण आली तेव्हा तिने जाळी ओढून पाहिली. तीही त्याच वडिलांच्या हाताखाली वाढलेली, गाठी तिलाही कळत.

"ताई, ह्या वरच्या गाठी सुरगाठी का गं? एक दोरी ओढली तर सगळी जाळी खाली येईल."

"येऊ दे ना. कोणाच्या तरी डोक्यावर येईल."

"आणि फौजदार?"

"त्याला आधी आत कोंडेन. कडी कशाला बसवलीय?"

"अगं, सोड आता. माणसाने चेष्टा केली."

"चेष्टा त्याची झाली, पाय माझ्या पोराचा गेला. तू चहा पी."

नेहमीच्या सकाळी चष्मेवाल्याला जाळ्यात गुंडाळण्यात तिला मजा नव्हती. बघायला माणसं हवी होती. ती थांबली. थांबणं तिला जमायचं, भावाला विचारा.

मग चष्मेवाल्याने दुकान नवं केलं. नवी पाटी लागली, ओळखीपाळखीचे लोक जमले, आणि तो पांढऱ्या शर्टात, केस चापूनचोपून, दारात उभा राहिला. सगळ्यांसमोर त्याने काठी उचलली आणि जाळीआडच्या गजांवर खडखडवली. "काय पैलवान, तुरुंगात का?"

लोक हसले. जाळीवाली हातातली सुई टाकून उठली. इतक्या दिवसांत कडी लावायला ती एकदाही विसरली नव्हती. त्या सकाळी विसरली. डोळ्यांपुढे फक्त तो पांढरा शर्ट होता. तिने दोरी ओढली, आणि त्याच क्षणी मागून तिच्या पायांमधून फौजदार सुटला आणि गजांमधून थेट जाळीवर झेपावला.

जाळी गेली. तिच्याबरोबर तोही गेला.

 जिना कसा उतरली ते तिला कळलं नाही. खाली जाळीच्या ढिगात चष्मेवाला गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या छातीशी, दोन्ही हातांत घट्ट, फौजदार. जिवंत, आणि भलताच संतापलेला. तिने कात्रीने जाळीचे दोन डोळे कापले, कुत्रा ओढून काढला, त्याचे चारही पाय चाचपले. शाबूत. मग तिला राग आठवला.

"अहो, मला सोडवा की," चष्मेवाला आतून म्हणाला. त्याचा चष्मा एका कानावर लोंबत होता.

"का? मी काय तुम्हाला ढकललं?"

घड्याळवाला हसला, मग सगळेच हसले. जाळीवाली फौजदारला काखोटीला मारून, मान ताठ करून जिना चढली. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वर येऊन तिने त्याला मांडीवर घेतलं तर त्याच्या हनुवटीखाली रक्त.  तिने ओल्या फडक्याने पुसलं, केस विंचरून पाहिले, जबडा उघडला, कान उलटे केले. जखम कुठेच नव्हती. दातांत मात्र लाल होतं.

मग तिच्या ध्यानात आलं. वरून पडल्यापासून ती खाली पोचेपर्यंत हा चष्मेवाल्याला चावत होता. आणि त्याने हात सोडले नव्हते.

"मेल्या," ती म्हणाली. फौजदारला म्हणाली की चष्मेवाल्याला, तिचं तिलाच ठरवता येईना. वर्षभर पुरेल असा सूड तिने घेतला होता, आणि तो पाव तासही पचला नाही. उपकार आणि तोही ह्याचा! आता तो फेडल्याशिवाय त्या माणसावर नीट रागावताही येणार नव्हतं.

तिने दाराची कडी लावली, ओढून पाहिली. मग कापूस आणि औषधाची बाटली घेऊन खाली उतरली.

चष्मेवाला अजून जाळ्यातच होता. लोक सोडवायला जात होते आणि आणखी गुंतवत होते. शर्टाच्या बाहीवर रक्त उतरलं होतं.

"हात," ती म्हणाली.

त्याने जाळीतून अंगठा बाहेर काढला. "बरा आहे ना तो?"

तिने अंगठ्यावर औषध ओतलं, गरजेपेक्षा जरा जास्तच. तो कळवळला तेव्हा तिला थोडं बरं वाटलं. मग ती त्याच्यासमोर खाली बसली आणि आपल्या हातची जाळी एकेक डोळा करत कापू लागली.