अबोला की झटका?

“इस्केमिक स्ट्रोक,” सीटी स्कॅन बघून पनवेलचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली आणि पुढच्या भागाला रक्तच नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देतात. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त.

“हे शेवटचं नीट कधी बोलले?”

मी तोंड उघडायच्या आत माझी नणंद बोलून गेली. ती सकाळीच गव्हाणहून मासळी घेऊन करंजाड्याला आमच्याकडे आली होती. “सकालपासून दादा एक शब्द बोलला नाय, डॉक्टर.”

संध्याकाळ होत आली होती. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

माझं डोकंच फिरलं. “अहो, तो अबोला होता!” मी ओरडलेच. बीपीच्या गोळीवरून टोकलं म्हणून हे माझ्यावर रुसले होते. नणंदेने माझी बाजू घेतली, तर तिच्याशीही बंद. आमच्याकडे हे नेहमीचंच. झटका आला तो चहाच्या वेळी. कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं.

“रुसलेला माणूस आणि वाचा गेलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो,” डॉक्टर म्हणाले. “आज कोणाशी बोललेत का ते?”

जेवल्यावर हे रोज लेकीला फोन करतात. मी तिला फोन लावून स्पीकरवर टाकलं.

“बाबा? दुपारी चांगले अर्धा तास बोलले की. तुझीच तक्रार करत होते, आई.”

“शब्द अडखळत होते?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे! मला मधे बोलू देतील तर ना!”

स्वतःबद्दलची चुगली मला इतकी गोड कधीच लागली नव्हती. त्या फोनला साडेचार तास झाले नव्हते, इंजेक्शन सुरू झालं.

बाहेर मला बसवेना, उभं राहवेना. नणंद म्हणाली, “माजं चुकलं गो वैनी.” मी तोंड फिरवलं, रागच तेवढा आला होता. नर्स यांना हात उचलायला सांगायची, मी दाराच्या काचेला नाक लावून बघायची. हात पडलेलाच. म्हणून सांगते, तुमच्या घरातलं माणूस गप्प असेल, तर रागावलेलं का असेना, त्याला बोलतं करा. तोंड वाकडं दिसलं तर तडक गाडी काढा.

बऱ्याच वेळाने बोटं हलली. मला आत बोलावलं. “या कोण? नाव सांगा,” डॉक्टर यांना म्हणाले.

हे गप्प. लग्नातल्या उखाण्यानंतर या माणसाने माझं नाव घेतलेलं नाही, कायम “अगं ए”. ते डॉक्टरांना सांगणार, तेवढ्यात यांचे ओठ हलले.

“सु... सुरेखा.”

“बरोबर आहे का?” डॉक्टरांनी मला विचारलं.

माझ्याच तोंडून शब्द फुटेना.