एकनळी बंदूक आणि आमची मिस

"आधी उघड, मग बोल."

बंदूक हातात घेऊन कुणी गप्पा मारू लागला की ती एवढंच म्हणायची. समोर कितीही मोठा मेंबर असो, बंदूक मधोमध मोडून रिकामी नळी दाखवल्याशिवाय त्याला उत्तर मिळायचं नाही.

नव्वदच्या दशकात आखातातल्या उम्म अल कुवैनच्या एका नेमबाजी क्लबात मी अकाउंट्समध्ये होतो आणि ती रिसेप्शनवर. मूळची वसईची, कॉलेजात एनसीसी केलेली. उंची एवढी कमी, की येणाऱ्याला काउंटरमागे आधी फक्त केस दिसत. आम्ही सगळे तिला मिस म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आवाज न चढवता ती सगळ्या ऑफिसला सरळ बसवतात.

क्लबातल्या मोठ्या बंदुका तिच्या खांद्याला बसत नसत, मागचा लांब दस्ता काखेत अडकायचा. कपाटात मात्र मुलांसाठीची एक बंदूक पडून होती. एकच नळी, एका वेळी एकच काडतूस, दस्ता आखूड. खाऱ्या हवेनं तिच्यावर तांबूस गंज चढला होता.

"खलास. इसको स्क्रॅप करो," मॅनेजर म्हणाले.

"सर, पहले मुझे दीजिए," मिस म्हणाली.

मग रोज दुपारी, रेंजच्या अधिकाऱ्यासमोर बसून, ती त्या बंदुकीच्या मागे लागली. गंज हळूहळू घासून काढला. गजाला कापड गुंडाळून, काजळी यायची थांबेपर्यंत नळीतून फिरवलं. शेवटी तेलाचा पातळ हात. मी बाटली उपडी करायला गेलो, तर म्हणाली, "अहो, भजी नाही तळायची! जास्त तेलाला वाळू चिकटते." हलकी बंदूक खांद्याला धक्का जोरात देते, म्हणून दस्त्याच्या टोकाला तिनं रबराची गादीही बसवून घेतली.

तिला शुक्रवारी मुलांचा वर्ग सुरू करायचा होता. मॅनेजर हसले. "सालाना कॉम्पिटिशन इस खिलौने से जीतो, फिर देखेंगे. इन्शाल्ला."

मिसनं त्याच दिवशी नाव दिलं.

हवेत उडणारी मातीची तबकडी फोडायची, अशी ती स्पर्धा. बाकीच्यांच्या बंदुकांना दोन नळ्या. पहिला बार हुकला तर दुसरा हाताशी. मिसला एकच. "हबीबी, बच्चोंवाली गन?" कुणीतरी ओरडलं. ती नुसती हसली.

समुद्रावरून वारा सुटला. तबकड्या मधेच उसळू लागल्या आणि भलेभले गळाले. शेवटी दोघंच उरली, ती आणि मागच्या वर्षीचा विजेता. त्याचे दोन्ही बार हुकले.

मिस पुढे झाली. तिनं काडतूस भरलं, घोडा चढवला, गाल दस्त्याला टेकवला. तबकडी उडाली, वाऱ्यानं वर उचलली गेली. ती थांबली. गेलं, उशीर झाला, असं मला वाटलं आणि तेवढ्यात बार झाला. आकाशात नुसती नारिंगी धूळ!

मी फाइल टाकून नाचलो. हरलेला विजेता स्वतः टाळ्या वाजवत आला. मॅनेजर जोरात म्हणाले, "यल्ला, चलो, फ्रायडे को बच्चे बुलाओ!"

आम्ही राहायचो त्या जवळच्या अजमानहून माझी मुलगीही त्या वर्गाला येऊ लागली. एकदा मी मधेच काही सांगायला गेलो, तर म्हणाली, "बाबा, मिस सेज नो टॉकिंग." घरात माझं न ऐकणारी पोरगी!

पुढे काही वर्षांनी मिस कायमची वसईला गेली. एका शुक्रवारी सकाळी मी तिला विमानतळावर सोडलं आणि परत क्लबवर आलो. वर्ग चालू होता, आता एका नव्या शिक्षकाच्या हाताखाली. मिसकडे नुकतंच शिकू लागलेल्या एका मुलीनं आपली पहिली तबकडी फोडली. बंदूक शिक्षकाच्या हाती देऊन तिनं चटकन मागे वळून पाहिलं. मिसची खुर्ची रिकामी होती. मुलगी क्षणभर घुटमळली. मग तिनं दोन्ही हात उंच केले आणि एवढ्या मोठ्यांदा ओरडली, की सगळी रेंज हसायला लागली.