दोराचं शेवटचं टोक

जड सामान हलवणाऱ्या त्या टोळीत ती एकटीच बाई होती, आणि दोराचं शेवटचं टोक तिच्याकडे असायचं. सगळे तिला नांगरमावशी म्हणत. अंगाने आडवी, बोलणं तोडून टाकल्यासारखं, उभी राहिली की पाय जमिनीत पुरल्यासारखे. नवरा याच टोळीत होता. तो तापाने गेला. पुढे एकदा माणूस कमी पडला तेव्हा मुकादम तिला म्हणाला, "जरा हात लावा." तिने हात लावला, तो पुढची कित्येक वर्षं काढलाच नाही.

टोळीचा एक खेळ होता. नवा दोर आला की कामावर न्यायच्या आधी तो अंगणात ताणून बघायचे. निम्मी माणसं इकडे, निम्मी तिकडे. तुटायचा असेल तर इथेच तुटू दे, कुणाच्या डोक्यावर नको, एवढाच हेतू. पण माणसं दोन बाजूंना उभी राहिली की हारजीत आलीच. कुणी मधोमध चिंधी बांधली, कुणी खडूने रेघ मारली. मग पलीकडच्या गोदामातली टोळी म्हणाली, आमच्याशी ओढा की. नियम सगळ्यात शेवटी आले, आणि प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी काहीतरी मोडलेलं होतं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हे एकाचा अंगठा गेल्यावर ठरलं. खाली बसायचं नाही, बसला तो बाद, हे बसलेल्याच्या पाठीवर मागच्याचा पाय पडल्यावर.

मावशी टोकाला असली की टोळी सहसा हरत नसे. तिला याचा गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे. दोरावर सगळ्यात पुढे उभ्या राहणाऱ्या सडपातळ माणसाला सगळे काडी म्हणत, आणि मावशी वर म्हणायची, "वारा सुटला तर आधी याला बांधा."

तिची एकुलती एक मुलगी याच टोळीतल्या एकाला दिली होती. जावई सासूला अजूनही मावशीच म्हणायचा. सामान जिन्यावरून उतरवताना त्याची जागा सामानाच्या खाली असे. फळ्यांवरून घसरत येणाऱ्या वजनाला दिशा द्यायची आणि मुकादम "थांब" म्हणाला की पाचर ठोकायची. "जावयाचा जीव सासूच्या मुठीत," टोळीवाले म्हणत, "म्हणून तर घरी आवाज चढवत नाही बिचारा."

उन्हाळ्यात मावशीच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. मुलीने एकदा विचारलं, "आई, कप दोन्ही हातांनी का धरतेस?" मावशी म्हणाली, "गरम आहे म्हणून." मुलीने कपाला बोट लावून पाहिलं. चहा निवून गेला होता.

त्या वर्षी गोदामवाल्यांशी ओढाओढ झाली तेव्हा मावशीने लांब बाह्यांचा सदरा घातला आणि बाहीच्या आत दोराचा एक वेढा मनगटाला घेतला. कुणाला दिसलं नाही. टोळी जिंकली. तेव्हापासून कामावरही ती तसाच वेढा घेऊ लागली.

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा एक कारखाना तिसऱ्या मजल्यावरून हलणार होता. कापायचं यंत्र ओतीव लोखंडाचं, जिना अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती. एरवी दोर खांबाला फिरवून घेतात, पण तिथे खांब नव्हता, नुसत्या पातळ आडभिंती. मुकादमाने मान हलवली. "हातावरच धरावं लागेल. मावशी, जमेल ना?"

"आजवर कधी नाही जमलं?"

दाराशी काडी, मधे टोळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर, मागे मावशी. जिन्याच्या तोंडाशी मुकादम, आणि खाली, यंत्राच्या पुढ्यात, जावई.

अर्ध्या जिन्यापर्यंत यंत्र नीट उतरलं. "सोड. सोड. थांब." जावयाने पाचर ठोकली. दोरावरच्यांनी खांदे सैल केले, आणि तेवढ्यात पायरीचा कोपरा फुटला. पाचर उडाली. सगळं वजन एकदम दोरावर आलं.

मावशीची बोटं उघडली. तिला ते कळलं नाही, दिसलं. दोर मुठीतून सरकला आणि वेढा मनगटावर करकचला. ती बावरली नाही, पण तिचे पाय फरशीवरून घसरत होते, आणि असं कधीच झालं नव्हतं. अजून कुणाला कळलं नव्हतं. गप्प राहून, अंगाच्या भाराने, ती आणखी थोडं रेटू शकली असती. तसं रेटण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

"माझा हात गेला," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्यावर भरवसा ठेवू नका. त्याला बाहेर काढा."

काडीने मागे वळून पाहिलंही नाही. तो धपकन खाली बसला, दोन्ही टाचा चौकटीला लावल्या आणि मागे रेलला. त्याच्या मागे ड्रायव्हरही बसला. दोर थांबला.

"निघ तिथून," मुकादम खाली वाकून म्हणाला.

"पाय अडकलाय," जावयाचा आवाज आला. "बूट फळीखाली आलाय."

"नाडी सोड."

नाडी सुटायला वेळ लागला. नुसते श्वास ऐकू येत होते आणि काडीच्या टाचांखाली चौकटीचं लाकूड कुरकुरत होतं. मग जावई म्हणाला, "निघालो," आणि त्याचा एक अनवाणी आणि एक बुटाचा पाय खाली धावत गेला.

"आता सोडा," ड्रायव्हर म्हणाला.

"सोडू नका," मुकादम म्हणाला. त्याला बाहीतला वेढा दिसला होता. दोर सोडला असता तर यंत्राबरोबर मावशीही जिन्यात गेली असती, किंवा नुसता हात तरी. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. आवाज मुद्दाम खाली आणला. "चार बोटं ढील हवी. एकदाच. मी म्हणेन तेव्हा. आधी श्वास घ्या सगळे."

काडीचा चेहरा काळानिळा पडला होता. त्याने श्वास घेतला.

"हं."

दोघांनी एकदम ओढलं. मावशीनेही ओढलं, उजव्या हाताने, दात आवळून. दोर चार बोटं वर आला, मुकादमाने वेढा तिच्या मनगटावरून उपसून काढला. "सोडा."

यंत्र खालच्या भिंतीत घुसलं. सगळा जिना धुळीने भरला. कारखान्याचा मालक ओरडत आला, मुकादम त्याला सामोरा गेला. काडी जागेवरून उठलाच नाही. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. मावशी त्याच्याशेजारी जाऊन बसली.

मावशीच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. ते जुळलं. बोटांचं मात्र डॉक्टर म्हणाले, फार आधी यायला हवं होतं, आता जेवढं परत येईल तेवढं आपलं.

यंत्र पडलं त्याच संध्याकाळी जावई तिच्या घरी आला. बायको म्हणत होती, उद्या बोला. त्याने ऐकलं नाही.

"हात गेला हे आज सांगितलंत, मावशी. गेला कधी होता?"

"उन्हाळ्यात."

"म्हणजे उन्हाळ्यापासून मी तसाच खाली उभा राहत होतो."

"हो."

त्याला भांडण हवं होतं, निदान सबब तरी. तिने दिली नाही. "कामावरून काढतील ही भीती होती का?" त्याने विचारलं.

"नाही. टोकाला दुसरं कुणी उभं राहील, ही होती."

तो उठून गेला. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. मुलगी डबा घेऊन यायची, बसायची, आणि नवऱ्याचा विषय काढायची नाही.

टोळीत त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली. कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाने मुकादमाची दोन बोटं आवळून दाखवायची, डाव्या हाताने आणि उजव्या हाताने. कुणी तिचं नाव घेत नसे, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. टोकाला आता ड्रायव्हर उभा राहू लागला. पुढच्या ओढाओढीत टोळी सपशेल आपटली, आणि काडीला इतकं हसू आलं की तो दोर हातात घेऊनच लोळला. मावशी कडेला उभी राहून बघत होती. तिला हसू आलं नाही. पण ती शेवटपर्यंत थांबली.

थंडी सरता सरता एके दिवशी जावई दारात आला. आत आला नाही.

"उद्या एक तिजोरी उतरवायची आहे," तो म्हणाला. "जिना मला बरा वाटत नाही. मुकादम म्हणतो होईल. तुम्ही बघता का येऊन?"

ती लगेच चप्पल घालून निघाली. जिना वरपासून खालपर्यंत तिने दोनदा पाहिला, फरशीवर टाच घासली, भिंतीवर थाप मारली. मुकादम कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"हातावर नको," ती म्हणाली. "खिडकी काढा, कप्पी लावून बाहेरून उतरवा."

"दिवस जाईल सगळा त्यात," मुकादम म्हणाला.

"जाऊ दे," जावई म्हणाला. "खाली मी असतो." आणि तो खिडकीची चौकट सोडवायला हत्यारं आणायला गेला.