यमुताईच्या यादीत सुटलेल्या बाया

माझी सासू एका जागी बसलेली मी पाह्यलीच नव्हती. चहा उभ्यानं, जेवण घाईत, अन् बोलता बोलता पायात चप्पल. सारी वस्ती तिले यमुताई म्हणते. चौदा वर्षं झाली, आशाताई म्हणून फिरून राहिली. आमच्या इंदोरा वस्तीच्या मागच्या गल्ल्यांत असं घर नाही, जिथल्या पोट्ट्याचं वजन तिनं केलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या आधी तिच्याकडं नवं काम आलं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरवर संशोधन करून राहिले होते. घरोघरी जायचं, तंबाखू खाणाऱ्याचं तोंड उघडायचं, टॉर्च मारायची, त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहायचं, अन् मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरकडं पाठवायचा. रोग व्हायच्या आधीच खूण दिसते, तेव्हाच पकडलं तं माणूस वाचते, एवढं साधं. मोबाइलची कटकट तिले नको, म्हणून फॉर्म भरायले मी तिच्या संगं. ती विचारायची, मी बटन दाबायची.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटा, खाणाऱ्यांची तं तिनं वाटच लावली. पानठेल्यावर खर्रा घोटत बसलेल्या मोठमोठ्या माणसांच्या हातातली पन्नी हिसकून नालीत टाकायची. माझा नवरा प्रीतम, तिचा सख्खा पोरगा, त्याले तिनं एकदा भरल्या ताटावरून उठवलं. खिशात पुडी सापडली होती.

बायांच्या घरी मात्र वेगळीच गंमत. तंबाखू खाता का म्हटलं की तोंडावर पदर. छे वं, मी कायले खाऊ. मंग हळूच सांगायच्या, सकाळी गुडाखू घासतो तेवढा. गुडाखू म्हणजे तंबाखू अन् गुळाचा काळा लगदा, डबीत मिळते, बोटानं दाताले घासतात. आमच्याकडं त्याले कोणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं आहे. यमुताई हसायची अन् मले म्हणायची, तंबाखूपुढं 'नाही' लाव. आमच्या मोरीच्या खिडकीतही एक डबी होती, ती यमुताईची. घासल्याशिवाय तिचं पोट साफ होत नाही अन् डोकं धरते. मी बीए झालेली बाई, पण मलेही काही खटकलं नाही. ती म्हणाली की मी 'नाही'चं बटन दाबत गेली.

मार्चात मोठ्या दवाखान्यात मीटिंग झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवले. एका बाईच्या खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी, पांढरा चट्टा. त्या म्हणाल्या, ही खर्रा खात नाही, नुसती घासते, अन् घासणाऱ्या बायांतही असे चट्टे सापडून राहिले. मंग त्यांनी विचारलं, यमुताई, तुमच्या वस्तीत घासणारी एकही बाई कशी नाही?

परतीच्या ऑटोत यमुताई पदराचं टोक बोटाले गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. अन् तिची जीभ सारखी खालच्या ओठाच्या आत फिरून राहिली होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीपासून हिनं पोह्यावरची तिखट तर्री सोडली होती. ठेच्याले हात लावत नव्हती, भाकर दुधात कुस्करून खायची. विचारलं तं म्हणायची ॲसिडिटी झाली. अन् मी शहाणी, समजली की वय झालं.

घरी आल्यावर म्हटलं, आई, तोंड दाखवा. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घासलेली भांडी पुन्हा घासली, धुतलेली चादर पुन्हा धुतली, रजिस्टर काढलं, ठेवलं. दोन दिवस असेच टाळले. तिसऱ्या दिवशी माझं डोकं सटकलं.

"साऱ्या वस्तीच्या तोंडात टॉर्च मारता, अन् स्वतःचं उघडायले काय धाड भरली तुमाले?"

सासूले असं बोललेलं माझं मलेच ऐकवलं नाही. पण ती खाली बसली, मोरीच्या उंबऱ्यावर, अन् ओठ खाली ओढला. चट्टा होता. चण्याच्या डाळीएवढा, पांढरा, एका कडेनं लाल. पहिला फोटो हलला. दुसरा काढला. मोबाइलनं विचारलं, तंबाखू? माझं बोट तिथंच थांबलं.

"हो लाव," ती म्हणाली. "अन् ज्या ज्या बाईपुढं आपण 'नाही' लावलं, तिच्या दारात पुन्हा जायचं आहे."

डॉक्टरीणबाईंचा फोन त्याच दिवशी आला. दुसऱ्या दिवशी तिथला तुकडा काढला तपासायले. रिपोर्ट येत्या गुरुवारी. मी भ्याली आहे, खोटं काहून सांगू? प्रीतमनं खर्रा सोडला म्हणते, किती दिवस टिकते पाहू. डबी मी नालीत टाकली. तरी सकाळी तिचा हात खिडकीत चाचपडते, रिकामा परत येते, अन् मंग दिवसभर साऱ्यांवर चिडचिड. चिडू दे म्हटलं.

काल रुखमाबाईच्या दारात गेलो. वीस वर्षं सार्वजनिक नळावर दोघींनी एकाच डबीतून घासलं. जयभीम झाला, चहाचं विचारून झालं, पण मोबाइल पाहताच रुखमाबाईनं दार अर्धं ओढलं. दात घासल्यानं कोणाले कॅन्सर होते वं, असं म्हणून ती आत वळली.

एरवी यमुताईनं तिले सोडलं नसतं. काल ती भांडली नाही. माझ्या हातातली टॉर्च घेतली, स्वतःचा ओठ खाली ओढला अन् टाका घातलेल्या जागेवर उजेड पाडला.

"पाह्य," ती म्हणाली. "नळावरचं आहे."

रुखमाबाई वाकून पाहत राहिली. मंग पदरानं हात पुसले, तिथंच दारात बसली अन् तोंड उघडलं. यमुताईच्या हातातली टॉर्च हलून राहिली होती, काही केल्या थांबेना. शेवटी रुखमाबाईनंच तिचं मनगट घट्ट धरलं, अन् मी मोबाइलवर तिच्या नावापुढचं 'नाही' खोडून 'हो' लावलं.