अक्षर माझं, वाक्यं त्यांची

"लांब उभा राहा रे. वास येतो."

हे माझ्या बाबाला म्हटलं गेलं. म्हणणारे सोसायटीचे चेअरमन, बाबापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठे. बाबा दोन पावलं मागे सरकला. मी सरकले नाही, कारण माझ्या हातात वही होती आणि त्यांना माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायचा होता.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठी आमचं खळं आहे. जवळा सुकवायची मोकळी जागा. माझी पणजी तिथे जवळा पसरायची. मग शेजारी सोसायटी उभी राहिली आणि खळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तिनं फाटक बसवलं. त्या सकाळी फाटकाला कुलूप होतं. बाहेर माझी आई आणि इतर बाया ओल्या जवळ्याच्या पाट्या घेऊन बसलेल्या. ऊन चढत होतं. जवळा वाट बघत नाही, दुपारपर्यंत सडतो.

मी तेव्हा सातवीत. शाळेत अर्जलेखन शिकवलेलं. मी लिहिलं, "आमच्या खळ्यावर जाण्यासाठी फाटक उघडावे." चेअरमननी वाचलं. पान टर्रकन फाडलं.

"आमच्या? कोणाच्या? नीट लिही. मी सांगतो."

गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून मी लिहिलं. 'सोसायटीच्या मालकीच्या जागेत आम्हांस मासळी सुकविण्याची अनुमती कृपावंत होऊन द्यावी.' कृपावंत हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. बाबानं खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. कुलूप उघडलं.

"हुशार आहे हो पोरगी," चेअरमन म्हणाले.

लाज कशाची वाटते सांगू? मला बरं वाटलं. शाबासकी मिळाली म्हणून. पुढे दरवर्षी पावसाळा संपला की मी तोच मजकूर उतरवून काढत गेले. बाबा सही करत गेला. आमच्यात रीतच आहे, शेजाऱ्याचा मान ठेवायचा, उगाच तंटा नको. कागदावर काय लिहिलंय याच्याशी आमच्या माणसांना देणंघेणं नव्हतं. फाटक उघडतंय ना, बस. ही आमची चूक. मी ती झाकणार नाही.

गेल्या वर्षी सोसायटीनं खळ्याभोवती भिंत घालायला घेतली. पार्किंगसाठी. आम्ही कल्याणच्या कोर्टात दावा लावला. भिंत तात्पुरती थांबली.

बाबाची साक्ष झाली. सोसायटीच्या वकिलांनी तो पहिला अर्ज पुढे धरला.

"सही कोणाची?"

"माजीच हाय."

"मजकूर?"

"पोरीनं लिवलाय. पन सायब, जागा..."

"जागेचं नंतर. सही तुमची, अर्ज तुमच्या मुलीचा. म्हणजे जागा सोसायटीची आहे हे तुम्हीच कबूल केलंत?"

बाबाला खोटं बोलता येत नाही आणि खरं कसं बोलायचं ते कोणी शिकवलेलं नाही. वकील कोर्टाकडे वळून म्हणाले, पक्षकारानं स्वतः मान्य केलेली गोष्ट आम्ही आणखी कशाला सिद्ध करायची?

बाहेर आल्यावर बाबा जिन्याच्या पायरीवर बसला. "मीच जागा दिली गं बाय. माज्या हातानं."

नाही. माझ्या हातानं. ते मला तिथं कळलं.

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "कबुली म्हणजे निकाल नाही. ती कशी घेतली गेली, ते सांगता येतं. पण सांगणारं कोणीतरी पिंजऱ्यात उभं राहायला हवं."

कोळीवाड्यातले लोक म्हणाले, मग सांग ना, हात पिरगाळून लिहून घेतलं. मारलं म्हण. कोण बघायला होतं?

मी नाही म्हटलं. हात पिरगाळला नव्हता. आणि खोट्याची गरज आम्हाला नाही, ती त्यांना आहे.

मी उभी राहिले. सोसायटीचे वकील विचारू लागले.

"अक्षर तुमचं?"

"माझं."

"कोणी मारलं?"

"नाही."

"धमकी दिली?"

"नाही."

"म्हणजे स्वखुशीनं लिहिलंत."

"नाही. फाटकाला कुलूप होतं. पाट्यांमध्ये जवळा सडत होता. मी बारा वर्षांची होते. वाक्यं चेअरमननी सांगितली."

वकील हसले. "असं तुम्ही आज म्हणताय."

खरंच होतं. माझ्या शब्दाला माझ्याशिवाय पुरावा नव्हता. पुढच्या तारखेपर्यंत बाबा नीट जेवला नाही.

मग चेअरमन साक्षीला आले. इस्त्रीचा सदरा, स्वच्छ मराठी. आमच्या वकीलबाईंनी अर्ज त्यांच्या हातात दिला आणि सहज विचारलं, "भाषा फार सुंदर आहे हो. सातवीतल्या मुलीची?"

त्यांच्या वकिलांनी मान वर केली. उशीर झाला होता.

"छे! यांच्या घरात अशी भाषा कुठून येणार? अक्षर तिचं. वाक्यं माझी. मीच सांगितली."

"'सोसायटीच्या मालकीच्या', हेसुद्धा?"

"पूर्ण मजकूर माझा."

"आणि तेव्हा फाटक?"

"अर्ज दिल्याशिवाय उघडायचं नाही, असा आमचा नियमच होता."

न्यायाधीशांनी वाक्य सांगितलं, टाइप झालं. 'हे म्हणणे खरे आहे की, अर्जाचा मजकूर मी सांगितला.' चेअरमननी चष्मा लावून वाचलं, एक वेलांटी दुरुस्त करायला सांगितली आणि खाली सही केली.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला राग आला. माझं खरं नऊ वर्षं खरं ठरत नव्हतं. ते त्यांच्या गर्वातून बाहेर पडलं तेव्हा नोंदलं गेलं.

दुपारी चेअरमन कोर्टाच्या व्हरांड्यात आले. हातात टाइप केलेला कागद. आता आवाज मऊ.

"कशाला भांडायचं? दावा मागे घ्या. दरवर्षी अर्ज देत जा, आम्ही कुठे नाही म्हणतोय? इथे सही कर रे."

अजूनही रे. आणि बाबाचा हात सवयीनं पेनाकडे गेला. मी कागदावर पालथा हात ठेवला.

"बाबा, नको."

"अगं, एवढा राग बरा नाही," चेअरमन म्हणाले. "हुशार होतीस तू."

"होते. म्हणून तुमचं लिहून दिलं. आता माझं लिहिते."

लिहितेच आहे. खाडीकाठच्या वाड्यावाड्यांत मी पत्रकं वाटते. अर्ज, पावती, माफीपत्र, काहीही पुढे आलं तर आधी वाचा. वाचता येत नसेल तर मला बोलवा. दुसऱ्यानं सांगितलेल्या वाक्याखाली आपलं नाव घालू नका.

निकाल लागलेला नाही. कदाचित आमच्याविरुद्ध जाईल. पण यंदा पावसाळा संपला की अर्ज जाणार नाही, पाट्या जातील. फाटकाला कुलूप असेल तर जवळा फाटकासमोर पसरू. वास सातव्या मजल्यापर्यंत जाऊ दे. पोलीस येऊन विचारतील, कोणी पसरला?

मी कबूल करीन. माझ्या वाक्यात.