जिलानीभाईंचा मोजा

आमचे जिलानीभाई मंडपाचं कापड शिवतात. जळकोटच्या माळावर नवं विमानतळ झालं, तेव्हा वाऱ्याची दिशा दाखवणारा केशरी-पांढरा कापडी मोजा त्यांनीच शिवला. पहिलं विमान आपला मोजा बघून उतरणार, हे त्यांनी अर्ध्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं.

उद्घाटनाला दोन दिवस असताना सरकार पडलं. निवडणूक लागली, आचारसंहिता आली आणि मोज्याचा रंग एका पक्षाचा निघाला. तो झाकायला खोळ शिवण्याचं कामही भाईंकडेच आलं. त्यांनी खाकी खोळ शिवली, पण दोन्ही तोंडं उघडी ठेवली. वारा भरला तशी खोळही फुगली.

आचारसंहिता बघणारे साहेब म्हणाले, "जिलानी, याला झाकणं म्हणतात?"

"रंग झाकला की साहेब. वारा झाका म्हणून कुठं लिहिलंय?"

पुढं नवं सरकार आलं, विमानही आलं. खोळ काढायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. कुंपणापाशी भाई तोंड पाडून उभे.

"माझा मोजा दिसलाच न्हाई त्याला."

"मग खोळ काय माझ्या बापानं शिवली?" शेजारी उभी त्यांची बायको खातूनबी म्हणाली.

तेव्हापासून भाई अर्ध्या तालुक्याला खोळीचं सांगत असतात.